मगन आजोबांची तीन लग्नं

१० नोव्हेंबर, सोमवार

जळगावच्या डाळ मिलमधून निवृत्त होऊन सहा महिने झाले. तेहतीस वर्षं गेटवरचं आवक-जावक रजिस्टर लिहिलं. आता लिहायला काही नाही, म्हणून मिलने निरोप समारंभात दिलेली ही डायरी आजपासून सुरू करतो.

निमित्तही तसंच घडलं. समाजाची नवी परिचय पुस्तिका निघते आहे. तिचा फॉर्म आला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, सगळं झरझर भरलं. प्रेमराज, झिपरू, मगन. पुढचा रकाना ‘आजीचे नाव’. तिथे पेन थांबलं ते थांबलंच. मी साठ वर्षांचा माणूस, आणि मला माझ्या आजीचं नाव माहीत नाही. ती मी जन्मायच्या कितीतरी आधी गेली. बाबा असते तर विचारलं असतं. ते जाऊन सोळा वर्षं झाली.

सौ. म्हणाली, “फुईंना फोन करा की.”

फुई म्हणजे बाबांची मोठी बहीण, ताईबाई. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. धुळ्याला देवपुरात मुलाकडे असते. मी म्हणालो, तोंडी माहिती नको, पुरावा हवा. नोंद ती नोंद. मी स्वतः पूर्ण वंशावळ शोधून काढणार आणि छापून सगळ्यांना वाटणार.

सौ. म्हणाली, “चांगलं आहे. ओट्यापाशी उभं राहून मला फोडणी कशी द्यायची ते तरी सांगणार नाही तुम्ही.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिल्याच फेरीत यश. समाजाच्या इथल्या कार्यालयात जुन्या लग्नांची नोंदवही आहे. मूळ वही ओल लागून गेली होती, पण सत्तर-बहात्तर साली कोणीतरी पुण्यवंताने सगळी नक्कल करून ठेवली. तीन तास धूळ खाल्ली आणि सापडलं:

‘सन १९३९. वर: मगन. वधू: कस्तुरा.’

कस्तुरा. काय भारदस्त नाव आहे. मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढला. बाबांचा जन्म १९४०चा. म्हणजे लग्नानंतर वर्षभरात. अगदी चोख हिशेब. परत येताना जिलेबी आणली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या घराण्याचा भाट पाचोऱ्याकडे असतो. ही मंडळी पूर्वी गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वहीत उतरवायची. याच्याकडे त्याच्या पणजोबापासूनच्या वह्या आहेत, लाल कापडात बांधलेल्या. त्यानं उघडून वाचलं: “मगन. त्याची बायको जमना. त्यांची पोर ताई, पोरगा झिपरू.”

मी दोनदा वाचायला लावलं. जमनाच.

म्हणजे आजोबांच्या दोन बायका? रात्री झोप आली नाही, पण खरं सांगायचं तर दुःखानं नाही. घराण्यात काहीतरी घडलेलं आहे, हे कळल्यावर माणसाला बरं वाटतं. आमच्या घराण्यात आजवर गाय हरवण्यापलीकडे काही घडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मूळ गावच्या जमिनीच्या जुन्या नोंदीची नक्कल आज मिळाली. १९४६ सालची, आजोबा वारल्यानंतरची. तलाठ्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. पण भिंग लावून वाचलं (त्यांच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन):

‘मगन मयत. वारस अज्ञान मुलगा झिपरू. पालक, विधवा ताईमाय.’

तिसरी.

सौ.ला हाक मारून सांगितलं. ती मेथी निवडत होती. “ताईमाय?” म्हणाली आणि थोडा वेळ जुडी हातात धरून थांबली. मी म्हटलं, बघ, जमना, कस्तुरा आणि ताईमाय, तीन नावं, तीन स्वतंत्र कागद. ती काहीतरी बोलणार होती, पण मी तक्ता आखायला घेतला होता.

सगळं जुळतं आहे. फुईचा जन्म १९३७चा. आजोबांचं कस्तुराशी लग्न १९३९ला. म्हणजे फुई पहिल्या बायकोची, जमनाची. बाबा दुसरीचे. आणि दुसरीही वारल्यावर तिसरी आली, तिने मुलांचा सांभाळ केला. भाटाने बाबांनाही जमनाच्या नावावर टाकलं, ही भाटाची चूक. जुनी माणसं काळजी घेत नसत.

३० नोव्हेंबर, रविवार

आज ‘मगन परिवार’ या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलं. इथे उतरवून ठेवतो, कारण ही ऐतिहासिक गोष्ट आहे:

‘सर्वांच्या माहितीसाठी. कागदोपत्री पुराव्यांनुसार आपले आजोबा कै. मगन यांचे तीन विवाह झाले होते. पहिली पत्नी जमना (अपत्य ताईबाई). दुसरी पत्नी कस्तुरा (अपत्य झिपरू). तिसरी पत्नी ताईमाय (अपत्य नाही). त्यामुळे ताईबाई फुई या झिपरू यांच्या सावत्र भगिनी ठरतात. पुराव्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.’

दुपारपर्यंत बेचाळीस मेसेज. फुईचा नातू भूषण याने लिहिलं, ‘पणजोबा भारी होते.’ त्याखाली हसणारे चेहरे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एखाद्या मेसेजवर कोणी काही बोललं. एरवी मी सुप्रभात टाकतो आणि ते तसंच पडून राहतं.

फुईचा मुलगा हिलालभाऊ मात्र काही बोलला नाही. त्याने फक्त पाहिल्याची निळी खूण आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

हिलालभाऊचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. आईला तो अक्का म्हणतो. “प्रेमराज, अक्कानं दोन दिवस झाले बोलणं टाकलंय. भूषणनं तिला तुझं ते वाचून दाखवलं, गंमत म्हणून. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसते. भाकरी अर्धी ठेवते.”

मी म्हणालो, “भाऊ, मी माझ्या मनचं काही लिहिलं नाही. कागदात आहे.”

“कागदाला भूक लागत नाही,” म्हणाला आणि फोन ठेवला.

सौ.ने विचारलं कोणाचा होता. मी म्हणालो, नेटवर्क नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळच्या बसने धुळ्याला गेलो. पारोळ्यापर्यंत मनात उत्तरं तयार करत होतो. सगळे पुरावे निळ्या फाइलमध्ये ओळीने लावले होते.

फुई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून आपल्या अहिराणीत म्हणाली, “ये भो. बठ. च्या लेशी का?” जणू काही झालंच नाही. मग चहा आला, तो माझ्या हातात तसाच राहिला. शेवटी तीच म्हणाली, “तू कागद पाहीसन लिखं ना?”

“हो फुई.”

“मंग खरंच व्हई. कागद काय खोटं बोली का?”

ती रागवली असती तर बरं झालं असतं. माझी सगळी उत्तरं रागासाठी तयार होती.

मी विचारलं, “फुई, तुझ्या आईचं नाव काय होतं?”

“तिनं नाव कोन ली रे? बठ्ठा गाव तिले ताईनी माय म्हने. मना बापबी ताईनी माय म्हने. आम्ही माय म्हनूत.” मग शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, “लहानपनी नदीवर बाया म्हनेत, तू काळी, झिपरू गोरा, एक मायना दिसतस नही. मी घर ईसन रडू. माय म्हने, त्यास्ना डोया फुटेल शेतस. मी म्हनू, माय म्हनस ते खरं. आते तुना कागदमा निंघनं.”

आजी १९५१ला गेली. फुई चौदा वर्षांची होती, बाबा अकरा. फुई म्हणाली, माय जायच्या दिवशी तिनं झिपरूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तुझा भाऊ आहे. पुढे फुईने त्यांना सांभाळलं, शाळेत घातलं. स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं. हे सगळं बाबा सांगायचे, मला माहीत होतं. पण आज तिच्या तोंडून ऐकताना निळी फाइल मांडीखाली सारावी लागली.

हिलालभाऊ घरात होता, बाहेर आला नाही.

परतीच्या बसमध्ये स्वतःला समजावलं की इतिहासाला भावना नसतात. एरंडोल येईपर्यंत ते वाक्य काही पटेना.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज सौ.ला सगळं सांगितलं. फुई काय बोलली, ते तिच्याच शब्दांत. सौ. म्हणाली, “परत सांगा. गाव काय म्हणायचं?”

“ताईनी माय.”

“आणि तुमच्या तलाठ्यानं काय लिहिलंय?”

“ताईमाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर, मिलमध्ये वजनकाट्यावर ट्रक उभा असताना पावती विसरलेल्या ड्रायव्हरकडे मी जसा बघायचो, तसा भाव होता.

“अहो, तलाठ्यानं विचारलं असेल, मगनची विधवा कोण? गावानं सांगितलं, ताईनी माय. त्यानं लिहिलं, ताईमाय. मला या गल्लीत कोण नावानं ओळखतं? मयुरीची आई. उद्या तुम्हाला काही झालं आणि इथं कोणी लिहायला आला, तर ‘मयुरीआई’ लिहून जाईल. मग तुमचा नातू म्हणेल, आजोबांची दुसरी बायको.”

मी खुर्चीत बसलो. तिसरी बायको गेली. आणि ती जाता जाता सांगून गेली की ज्या बाईनं झिपरूला सांभाळलं तिला सगळा गाव ताईची आई म्हणायचा.

पण जमना आणि कस्तुरा? तारीख? मी म्हणालो, “नावं तर दोन आहेतच.”

“माझं लग्नाआधी नाव काय होतं?” तिने विचारलं.

मला आठवेना. छत्तीस वर्षांचा संसार, आणि मला आठवेना. ‘क’वरून काहीतरी, एवढंच. ती उठली, कपाटातून लग्नाची पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. चि. सौ. कां. कुंदा.

“तांदळाच्या ताटात अंगठीनं दिपमाला तुम्हीच लिहिलंत. मी वाचायला वाकले तेव्हा मला कळलं, आता आपलं हे नाव. माझ्या भावाच्या घरच्या कागदात मी अजून कुंदाच आहे. तुमच्या कागदात दिपमाला. म्हणजे तुमची दोन लग्नं झाली का?”

संध्याकाळी ती गॅलरीत कपडे काढत होती तेव्हा मी हळूच “कुंदा” म्हणून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. परत मारली. म्हणाली, “ऐकू येतंय. सवय नाही राहिली.”

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी भाटाला फोन केला. तो म्हणाला, “आमच्या वहीत बाईचं माहेरचंच नाव असतं दादा. सासरचं नाव लग्नात बदलतं, आम्ही ते धरत नाही. तुम्ही विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.”

तिथून थेट समाजाच्या कार्यालयात. या वेळी त्या ओळीचा नाही, पूर्ण पानाचा शोध घेतला. तो मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. आमची नोंद सत्तेचाळीस नंबरची. सेहेचाळीस नंबरचं लग्न १९३१चं. अठ्ठेचाळीस नंबरचंही १९३१चं. अख्ख्या पानावर सगळी लग्नं १९३१ची, आणि मधेच आमचे आजोबा एकटे १९३९ साली उभे. नक्कल करणाऱ्याने शेवटच्या एकाला खाली जरा मोठी शेपटी काढली आणि वरची गाठ भरून टाकली. एकाचा नऊ झाला. फुई लग्नाच्या आधीची ठरली.

त्या नक्कल करणाऱ्यावर मला राग येईना. मी स्वतः मिलमध्ये एकदा ट्रकचा नंबर असाच लिहिला होता, आणि दुसऱ्याच ट्रकवाल्याला दोन तास गेटवर अडवून ठेवलं होतं. तो बिचारा सांगत होता की ती गाडी माझी नाही. मी म्हणत होतो, रजिस्टरमध्ये आहे.

म्हणजे एक लग्न. १९३१. माहेरची जमना, सासरची कस्तुरा, गावाची ताईनी माय. एकच बाई. आणि तिच्याबद्दल भाटाची वहीच सगळ्यात बरोबर होती, जिला मी चूक म्हटलं.

१० डिसेंबर, बुधवार

ग्रुपवर माफीचा मेसेज लिहिला. पहिल्या मसुद्यात ‘उपलब्ध नोंदींमधील काही त्रुटींमुळे’ असं होतं. सौ.ने वाचलं आणि म्हणाली, “त्रुटी नोंदीत होत्या, पण फुईंना सावत्र तुम्ही म्हणालात.” खोडलं. दुसऱ्यात ‘गैरसमज झाला असल्यास’ होतं. तेही खोडलं. शेवटी उरलं ते एवढं: ‘मी चुकलो. आजोबांचं एकच लग्न झालं होतं. ताईबाई फुई आणि झिपरू एका आईची मुलं. फुईची मी माफी मागतो.’

या वेळी फार कोणी काही बोललं नाही. सुप्रभातसारखंच पडून राहिलं.

रात्री भूषणचा फोन आला. त्यानं आजीला वाचून दाखवलं म्हणे. मग फोन तिच्या कानाला लावला. फुई म्हणाली, “मोबाईलमा लिखेल मोबाईलमा राहू दे. माले येईसन दाखाड.”

१४ डिसेंबर, रविवार

वंशावळीचा तक्ता मुख्तारभाईकडे छापायला दिला. त्याचं कार्डं आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. सगळी कहाणी ऐकून तो मनापासून हसला. “आमच्या नानीचं, सुगराबींचं, निकाहनाम्यात नाव एका तऱ्हेनं, रेशनकार्डात दुसऱ्या, मतदार यादीत तिसऱ्या. बरं झालं तुम्ही आमच्या खानदानाचा शोध घेतला नाही.”

आजीच्या चौकटीत तिन्ही नावं टाकायला सांगितली. मग बाकीच्या चौकटी बघितल्या तर फुई सोडून बायकांची नावंच नाहीत. मीच आखला होता तक्ता. मुलगे सगळे, आणि बायकांच्या जागी नुसतं ‘पत्नी’. आईचंसुद्धा. मुख्तारभाईला थांबायला सांगितलं आणि दुकानातच बसून तीन तास फोन केले. प्रत्येक घरी विचारलं: माहेरचं नाव काय, सासरचं काय. दोन चुलतभावांना माझ्यासारखंच आठवेना. मागून त्यांच्या बायकांचा आवाज ऐकू येत होता.

माझ्या चौकटीशी येऊन मुख्तारभाईने विचारलं, “भाभींचं काय टाकू?”

मी घरी फोन लावला. ती म्हणाली, “दोन्ही टाका. जागा आहे ना?”

जागा कमी होती. माझं नाव जरा बारीक केलं.

२१ डिसेंबर, रविवार

आम्ही दोघं धुळ्याला जाऊन आलो. दिपमालाने भरीत करायला जळगावची वांगी नेली होती. हिलालभाऊने दार उघडलं, तिला “या वहिनी” म्हणाला, मला काही म्हणाला नाही. मला ते वाजवीच वाटलं.

फुई खाटेवर बसली होती. मी खाली वाकून पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तिने माझ्या पाठीवर थाप मारली. “ऊठ आते. तू काय नवरदेव शे का?”

तक्ता खाटेवर पसरला. फुईला वाचता येत नाही. तिने विचारलं, “मनी माय कोठे?”

मी तिचं बोट धरून चौकटीवर ठेवलं आणि वाचून दाखवलं. “जमना. माहेरचं. कस्तुरा, ते आपल्याकडचं. आणि खाली लिहिलंय, ताईनी माय.”

“जमना,” ती म्हणाली. मग “कस्तुरा.” दोन्ही नावं दोन-दोनदा म्हणाली, नवं भांडं बोटानं वाजवून बघावं तशी. “चांगलं नाव व्हतं बाईनं. कोनी हाकच मारी नही.”

मग मी तिला पुरावेही सांगायला लागलो, तलाठी, पान, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. तिने हातानेच गप्प केलं. दिपमालाने मला कोपरानं ढोसलं.

“मी कोठे?”

मी तिचं बोट तिच्या चौकटीवर ठेवलं.

“झिपरू?”

दुसऱ्या हाताचं बोट बाबांच्या चौकटीवर ठेवलं. तिने दोन्ही बोटं तशीच ठेवली आणि मधे काय आहे ते डोळे बारीक करून बघितलं. मुख्तारभाईने छापलेली केसाएवढी रेघ होती.

“इतली बारीक?” म्हणाली. “मझारनी रेघ जाड कर.”

मी खिशातलं पेन काढलं आणि तिच्या एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत रेघ ओढली. निळी उमटली. परत ओढली. तिने बघितलं. “आजून.” परत ओढली. चकचकीत कागद, शाई नीट धरेना. “आजून,” ती म्हणाली.

हिलालभाऊ मघापासून दाराशी टेकून उभा होता. तो आत गेला. कपाट उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात खोक्यांवर पत्ते लिहायचं जाड काळं मार्कर होतं. टोपण काढून त्याने ते माझ्यापुढे धरलं.

“घे,” म्हणाला. “यानं कर.”